डोळ्याने काय पाहिले, कानाने काय ऐकले?



नवदीक्षित कुटुंबांत बसून बोलताना एक वाक्य मला वारंवार ऐकावे लागते. घरातला देव्हारा निघालेला असतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या असतात. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते, लेकरांना त्रिसरण-पंचशील पाठ असते. आणि तरीही कुणीतरी आवाज खाली आणून म्हणते, "तुम्ही सांगता ते सगळं पटतं हो, पण मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय!"

डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला असलेल्या एका चाळीत हे मी मागे ऐकले. घरातला तरुण मुलगा कारखान्यातली दुसरी पाळी संपवून रात्री येत असे. वाटेत नाला. नाल्याच्या काठी त्याला दोन रात्री पांढरे काहीतरी उभे दिसले. तिसऱ्या रात्रीपासून तो लांबच्या रस्त्याने येऊ लागला. आई म्हणाली, "भगताकडून एक ताईत आणला तर काय बिघडलं? कुणाला कळणार आहे?" धर्मांतरानंतर घरात परत शिरू पाहणारे जुने ओझे हे असेच, मागच्या दाराने येते.

मी त्या मुलाला हसलो नाही. त्याला एवढेच विचारले, "कसे दिसले, ते नीट सांग." तो म्हणाला, "सरळ बघितलं की नसायचं. मान जरा वळवली की डोळ्याच्या कोपऱ्यात परत उभं." हे ऐकताच माझी खात्री झाली की मुलगा खोटे बोलत नाही. कारण अंधारात माणसाचा डोळा अगदी असाच चालतो.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पातळ पडदा आहे. त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी आहेत. शंकूपेशी सुमारे साठ लाख. त्या रंग ओळखतात, बारीक अक्षर वाचतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दुसऱ्या दंडपेशी, दहा कोटींच्या आसपास. त्यांना रंग कळत नाही, बारकावा कळत नाही, पण अगदी मंद उजेडातही त्या काम करतात. आता गंमत पाहा. दृष्टिपटलाच्या ज्या मध्यबिंदूने आपण सरळ पाहतो, तिथे दंडपेशी मुळीच नाहीत, सगळ्या शंकूपेशीच. म्हणून काळोखात एखाद्या फिकट वस्तूकडे सरळ पाहिले की ती नाहीशी होते आणि नजर थोडी बाजूला नेली की पुन्हा दिसते. मलंगगडाच्या बाजूला, जिथे शहराचे दिवे पोचत नाहीत, तिथे एखाद्या फिकट ताऱ्यावर हा प्रयोग करून पाहा. तारासुद्धा भुतासारखाच वागेल!

शिवाय लख्ख उजेडातून काळोखात आल्यावर दंडपेशींना पूर्ण कामाला लागायला वीस ते तीस मिनिटे जातात. मुलगा कारखान्यातल्या उजेडातून निघून, स्टेशनच्या दिव्यांखालून सरळ त्या नाल्यावर येत होता. डोळ्याने आत पाठवला तो एक पांढुरका ठिपका. पांढरी साडी, उलटे पाय, बोलावणारा हात हे डोळ्याने पाठवलेच नव्हते. ते लहानपणी आजीने सांगितलेल्या गोष्टींतून आले, आणि ठिपक्याला जाऊन चिकटले. मी त्याला ताईताऐवजी बॅटरी घेऊन जायला सांगितले. तिथे प्रत्यक्षात काय होते ते मी पाहिलेले नाही, म्हणून सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, हे अंधारातले झाले, दिवसाढवळ्या तर डोळा खरे तेच दाखवतो ना? घरातल्या लेकरांना जवळ बोलवा. एका कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा. तिच्यापासून चार बोटे अंतर सोडून उजवीकडे वाटाण्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहा आणि कागद हळूहळू जवळ-दूर करा. साधारण एक फुटाच्या अंतरावर ठिपका एकाएकी गायब होईल. फुलीवरून नजर मात्र हलवायची नाही. दृष्टीचा मज्जातंतू, म्हणजे सुमारे दहा लाख धाग्यांची जुडी, ज्या जागेतून डोळ्याबाहेर पडते, तिथे एकही प्रकाश टिपणारी पेशी नाही. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक डोळ्यात अशी एक आंधळी जागा आहे. सतराव्या शतकात मारियॉत नावाच्या फ्रेंच संशोधकाने ती शोधून काढली. त्याआधी हजारो वर्षे राजे, ऋषी, पंडित तिच्यासकट जग पाहत होते आणि आपल्याला सगळे दिसते असे समजत होते.

पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे. ठिपका गेला तेव्हा कागदाला भोक पडलेले दिसले का? नाही. तिथे कोरा कागदच दिसला. आजूबाजूला जे आहे त्यावरून मेंदूने ती जागा भरून काढली, तुम्हाला न विचारता. आपण डोळ्याने पाहतो तेव्हा काही भाग बाहेरून आलेला असतो आणि काही भाग आतून भरलेला असतो. शिवणीची जागा मात्र दिसत नाही.

आता कानाकडे या. कानाची रचना कोणत्याही घड्याळजीला लाजवील अशी आहे. हवेतली कंपने कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्याला लागून तीन हाडे आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे माणसाच्या शरीरातले सर्वांत लहान हाड, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. ही तीन हाडे ते कंपन आतल्या, गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या नळीत पोचवतात. नळीत द्रव आहे आणि त्या द्रवाच्या हालचालीने डोलणाऱ्या, केसासारखे सूक्ष्म तुरे असलेल्या पेशी आहेत. एका कानात त्या सुमारे पंधरा हजार. बारीक आवाजाच्या वेगळ्या, जाड आवाजाच्या वेगळ्या. त्या डोलल्या की मज्जातंतूतून विजेचा इशारा मेंदूकडे जातो, आणि मगच आपण म्हणतो, "ऐकू आले." आवाज उजवीकडून आला की डावीकडून, हे मेंदू दोन कानांना लागलेल्या वेळेतल्या फरकावरून आणि आवाजाच्या कमी-जास्त जोरावरून ओळखतो. वेळेतला हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो.

याचाही दुसरा भाग आहे. कधी कधी बाहेर आवाज नसताना माणसाला आवाज ऐकू येतात. कुणी नावाने हाक मारते, कुणी शिव्या देते, कुणी हुकूम करते. त्या वेळी मेंदूतला ऐकण्याचा भाग खरोखरच कामाला लागलेला असतो. म्हणून त्या माणसाला तो आवाज खराच वाटतो. हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. आपल्याकडे मात्र अशा बाईच्या अंगात आले म्हणून तिला नारळ देतात, नाहीतर तिला चाबकाने मारतात. ठाण्यात 1901 सालापासून मनोरुग्णालय उभे आहे. आपल्या लोकांत "ठाण्याला नेऊ का?" हा थट्टेचा विषय झाला आहे. थट्टा बंद करा. ज्याला खरी गरज आहे त्याला भगताकडे नेण्याऐवजी खरोखरच डॉक्टरकडे न्या.

अडीच हजार वर्षांपूर्वी दृष्टिपटल किंवा मज्जातंतू ठाऊक नव्हते. तरीही तथागतांनी या विषयाची जी मांडणी केली ती आजच्या शरीरशास्त्राशेजारी ठेवली तर लाजावे लागत नाही. डोळा आणि रूप यांच्यामुळे चक्षुविज्ञान उत्पन्न होते. कान आणि शब्द यांच्यामुळे श्रोत्रविज्ञान. या तिघांचे एकत्र येणे म्हणजे फस्स. फस्सातून वेदना, म्हणजे सुखद, दुःखद किंवा दोन्ही नाही अशी जाणीव. आणि तिथून पुढे हवेपणा, नकोपणा, तृष्णा. स्थविर सारिपुत्तांनी 'महाहत्थिपदोपम' सुत्तात आणखी एक बारकावा सांगितला आहे. डोळा धडधाकट असला आणि वस्तू समोर असली तरी मन तिकडे वळलेले नसेल, तर पाहणे घडत नाही.

हा बारकावा कल्याणच्या कोणत्याही चाकरमान्याला समजावून सांगावा लागणार नाही. ठाण्याला जलद गाडीत चढलात, डोक्यात घरभाड्याचा हिशोब चालू आहे. गाडीत "पुढील स्टेशन डोंबिवली" अशी घोषणा झाली. कान उघडा होता, आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोचला, शंखातल्या पेशीही डोलल्या. आणि तुम्ही कल्याणला उतरलात! तीन कारणांपैकी एक हजर नव्हते. उलट फलाटावरच्या त्याच गलक्यात कुणी तुमच्या लेकीचे नाव घेतले, तर हजार आवाजांतून ते नेमके ऐकू येते.

मग पाहणारा, ऐकणारा असा कुणी एक कायमचा आत्मा आत बसलेला आहे काय? सति नावाचा एक भिक्खू होता, कोळ्याचा मुलगा. त्याची समजूत अशीच होती की एकच विज्ञान सगळीकडे भटकत राहते. तथागतांनी त्याला कडक शब्दांत चूक दाखवली आणि अग्नीचा दाखला दिला. लाकडावर पेटली ती लाकडाची आग, गवतावर पेटली ती गवताची, गोवरीवर पेटली ती गोवरीची. आगीचे नाव जळणावरून. तसे डोळ्यामुळे झाले ते पाहणे, कानामुळे झाले ते ऐकणे. जळण नसताना अधांतरी फिरणारी आग कुणी पाहिली आहे?

बंधूंनो, आता 'फस्स' या शब्दावर थोडे थांबा. हा पाली शब्द. त्याचा अर्थ स्पर्श. ज्या समाजाने आपल्या वाडवडिलांना अस्पृश्य ठरवले, त्या समाजातून बाहेर पडून आपण अशा धम्मात आलो की जिथे जगाच्या सगळ्या जाणिवेचा आरंभच स्पर्शापासून होतो. हे मनात आले की मला पुढे बोलवत नाही.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लहानपणीचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. साल 1901. वडील गोरेगावला नोकरीला होते. त्यांना भेटायला भीमराव आणि घरातली इतर मुले साताऱ्याहून आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर नवे कपडे, डोक्यावर झगमगीत टोप्या. घ्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तर जवळ आला, आपुलकीने चौकशी करू लागला. त्याला ती ब्राह्मणांची मुले वाटली. मग त्याने विचारले, तुम्ही कोण? आणि लहान भीमरावाच्या तोंडून खरे उत्तर निघून गेले: महार. त्या क्षणी त्याचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीकडे निघून गेला.

या प्रसंगाकडे आज शिकलेल्या गोष्टींच्या उजेडात पाहा. उत्तराच्या आधी त्या माणसाच्या डोळ्यात जी मुले होती, तीच उत्तरानंतरही होती. तेच कपडे, तेच चेहरे, तोच सूर्यप्रकाश. दृष्टिपटलावरच्या कोट्यवधी पेशींपैकी एकीनेही वेगळे काही टिपले नाही. कानाने काय ऐकले? हवेची कंपने. तीन अक्षरांचा एक आवाज. मराठी न जाणणाऱ्या माणसाच्या कानावर तो पडला असता तर त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नसती. मग ती किळस कुठून आली? ती डोळ्याच्या वाटेने आली नाही, कानाच्या वाटेनेही आली नाही. त्याच्या आत ती आधीपासून भरून ठेवलेली होती, पोथ्यांनी, पुराणांनी, घरच्या वळणाने. नाल्याकाठच्या ठिपक्याला आजीची हडळ चिकटली, तशी ही समोरच्या निरागस मुलांना जाऊन चिकटली. फरक एवढाच की हडळीने कुणाचे पाणी तोडले नाही.

हे मी दुसऱ्यांनाच ऐकवतो आहे असे समजू नका. तुमच्या चाळीत मातंग कुटुंब राहायला आले, चर्मकाराच्या घरातला मुलगा तुमच्या मुलीच्या वर्गात बसला, आणि त्यांचे आडनाव कळल्यावर तुमच्या चेहऱ्यावर काय झाले? तिथे डोळ्याने काय पाठवले आणि आतून काय मिसळले, हे ज्याचे त्याने पाहावे. दीक्षा घेऊनही हे पाहण्याचे टाळणारी घरे मी पाहिली आहेत.

कानाची कथा तर याहून कठोर आहे. गौतम धर्मसूत्रात (हा गौतम आपला नव्हे) शूद्राने मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळवलेले कथील आणि लाख ओतावी असे सांगितले आहे. ज्या देशात ऐकण्याला ही शिक्षा लिहिली गेली, त्याच देशात तथागतांनी आपल्या शिष्यांना नाव दिले 'सावक', म्हणजे ऐकणारा! कोणत्या जातीचा, कुणाचा मुलगा, हे न विचारता. तथागतांचे वचन आधी शेकडो वर्षे लिहिलेले नव्हतेच. ते तोंडातून कानात, कानातून तोंडात असे चालत आले. सुत्ते सुरू होतात तीसुद्धा हे आपण ऐकलेले आहे असे सांगूनच. आपल्या कल्याणचेही यात नाव आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख कोरलेले आहेत. या खाडीकाठची माणसे त्या डोंगरात जाऊन धम्म ऐकत होती. 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा बंद केलेले कान उघडण्याचे तेच काम पुन्हा हाती घेतले गेले. तरी ऐकले म्हणून लगेच खरे मानू नका, असेही कालामांना तथागतांनीच सांगितले. कान उघडा हवा, पण दारावर राखणदार हवा.

आणि म्हणून एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. काहींना ती आवडणार नाही. 14 एप्रिलला आपल्या वस्त्यांतून निघणाऱ्या मिरवणुकांत ट्रकवर भिंतीसारखे रचलेले कर्णे मी पाहतो. त्यांच्यापुढे बापाच्या खांद्यावर बसलेले दोन वर्षांचे पोर दोन्ही हातांनी कान दाबून धरते आणि बाप नाचत असतो. कानाच्या शंखातल्या ज्या पंधरा हजार पेशी मी सांगितल्या, त्या जन्मतः मिळतात तेवढ्याच. मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे धरतात. पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटे. कर्ण्याच्या तोंडाशी आवाज त्याहूनही वर असतो. आईच्या पोटातले मूल सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू लागते, हेही गरोदर लेकी-सुनांना मिरवणुकीत पुढे उभे करणाऱ्यांनी जाणून घ्यावे.

"मग गणपतीला नाही का वाजत? दहीहंडीला नाही का वाजत?" हे उत्तर मला तोंडपाठ झाले आहे. वाजते. ठाण्याचेच डॉक्टर महेश बेडेकर यांनी या आवाजाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि ऑगस्ट 2016 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की ध्वनिक्षेपक लावणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही. निकालात कोणत्याही धर्माला सूट नाही. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या नियमांत लिहिलेली आहे. ज्यांनी घटना लिहिली त्यांच्या जयंतीला ती कुणी मोजायला यावी लागू नये.

अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांची दृष्टी मंदावली होती आणि मधुमेहाने शरीर पोखरले होते. तशा अवस्थेत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुरा केला. आपल्या घरांतही साखरेचा आजार आता पुष्कळ आहे. ज्यांना तो आहे त्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडून दृष्टिपटल तपासून घ्यावे. पडदा बिघडू लागल्याचे आरंभी रोग्याला कळत नाही. शाळेत मागच्या बाकावर बसून फळा न दिसणाऱ्या आणि म्हणून 'मठ्ठ' ठरलेल्या मुलाचे डोळे आधी तपासा, हाक मारल्यावर न वळणाऱ्या मुलाचे कान तपासा, मग त्याला रागवा.

येत्या पौर्णिमेला वंदनेस याल तेव्हा तो फुली-ठिपक्याचा कागद बरोबर आणा. कुणाचा ठिपका किती अंतरावर गेला ते विहारात बसून पाहू. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही करायला लावा. खाडीकडच्या त्या आईने तो केला, ठिपका गेल्यावर कागद उलटा करून मागे पाहिला, आणि ताईताबद्दल त्या दिवशी काही बोलली नाही.